आठ किलोंची सायकल आणि पसरणीचा घाट

पुण्याच्या माणसाला सायकलचे कौतुक सांगणे म्हणजे नाशिककराला द्राक्षाची चव समजावण्यासारखे आहे. एके काळी हे शहर सायकलींचे म्हणूनच ओळखले जाई. खडकीच्या कारखान्याची पाळी सुटली, की सायकलींचा असा लोंढा बाहेर पडे की रस्ता ओलांडणाऱ्याने मुहूर्त पाहून निघावे. आमचे वडील त्या लोंढ्यातले एक. तीस वर्षे त्यांनी एकच काळी सायकल वापरली. हँडलला डबा अडकवलेला, आणि कॅरिअरवर कधी गव्हाचे पोते, कधी मी. आम्हां दोघांत पोते जास्त शहाणे होते, कारण ते पाय चाकात घालत नसे.

अशा घरात मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी कार्बनच्या सांगाड्याची शर्यतीची सायकल आणली. किंमत मी सांगितली नव्हती. ती आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर शोधून जेवणाच्या वेळी जाहीर केली. "एवढ्यात दोन स्कूटरी आल्या असत्या," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि आमटीत पुन्हा पळी बुडाली ती जरा जोरातच. वडिलांनी मात्र काठी टेकत सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"स्टँड कुठं आहे?"

"नसतो."

"मडगार्ड?"

"नाही."

"कॅरिअर?"

"लावायला जागाच ठेवलेली नाही."

"मग पैसे कशाचे दिलेस?"

खरे उत्तर हे की, पैसे नसलेल्या गोष्टींचेच दिले होते. वडिलांच्या सायकलचे वजन वीस किलोंच्या पुढे होते. ही आठ किलोंची. एका हाताने उचलून दुसऱ्या मजल्यावर नेता येते. नेतोही, कारण खाली ठेवायची छाती होत नाही.

कार्बन म्हटल्यावर लोकांना कोळसा आठवतो, ते अगदीच चूक नाही. केसाहूनही कितीतरी बारीक असे कार्बनचे तंतू काढतात, त्यांचे राळेत भिजवलेले पातळ थर साच्यात एकावर एक बसवतात आणि दाब व उष्णता देऊन भट्टीत घट्ट करतात. कोणत्या थराचे तंतू कोणत्या दिशेने ठेवायचे, यात सगळी विद्या. जिथे पायाचा जोर येतो तिथे सांगाडा ताठ राहतो, जिथे खड्ड्याचा हादरा येतो तिथे किंचित लवतो. १९८६ साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने अशा सांगाड्याच्या सायकलवर टूर द फ्रान्स जिंकली, आणि मग लोखंड हळूहळू मागे पडले. पुढे सायकली इतक्या हलक्या होऊ लागल्या की २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचे वजन ६.८ किलोंपेक्षा कमी नसावे, असा नियमच करावा लागला.

या मालात एक खोड आहे. लोखंड वाकते, पोचते, मार खाल्ल्याचे कबूल करते. कार्बन वाकत नाही. आडवा मार बसला तर आतले थर सुटतात, वरचा रंग मात्र हसतमुख राहतो. आणि मग एखाद्या दिवशी, उतारावर, तो एकदम तुटू शकतो.

२०२४ च्या जानेवारीत मी वाईला निघालो. यामागे एक जुनी गोष्ट होती. १९६३ साली वडील बावीस वर्षांचे असताना आपल्या थोरल्या बहिणीला भेटायला पुण्याहून वाईला सायकलने गेले होते. दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट चढून पाचगणी पाहायचा त्यांचा बेत होता. आत्याने पंपच लपवून ठेवला. पाचगणीला छातीचे रोगी हवापालटाला जातात, धडधाकट माणसाचे तिथे काय काम, असा तिचा सवाल. वडील पुढे कितीदा तरी एस.टी.ने पाचगणीला गेले, पण सायकलने राहिले ते राहिलेच.

पहाटे पाचला निघून जुन्या कात्रज घाटाने शिंदेवाडीला उतरलो. तिथून शिरवळपर्यंतच्या हमरस्त्याबद्दल चांगले लिहिण्यासारखे फारसे नाही. ट्रक शेजारून गेला की अंग आपोआप आक्रसते. खंबाटकीचा बोगदा तेव्हा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता, जाणाऱ्याने घाटच चढायचा. वडील सांगतात, त्यांच्या वेळी ट्रक इतके सावकाश चढत की मागची साखळी धरून लटकत वर जाता येई. आता ट्रकला धरायचे नाव काढवत नाही.

सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो आणि जिवात जीव आला. दोन्ही बाजूंना वडाची झाडे, उसाचा वास, आणि समोर डोंगरांची भिंत. नव्वदएक किलोमीटर झाले होते. वाईत ढोल्या गणपतीसमोर थांबलो. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेचा पूर दुभंगून जावा म्हणून. माझ्या सायकलच्या नळ्याही वारा कापण्यासाठी अशाच निमुळत्या केलेल्या आहेत. वाईच्या गवंड्याला हे अडीचशे वर्षांपूर्वीच उमगले होते, आणि त्याने त्याचे दोन स्कूटरींइतके पैसे घेतले नसतील.

सायकल घाटाच्या भिंतीला टेकवून मी चहा घेत होतो. हँडलच्या पिशवीत केळी होती. तो वास एका शेळीला लागला. तिने पिशवी ओढली, आणि सायकल आडवी होऊन दगडी पायरीच्या धारेवर आदळली. वरच्या नळीवर नखाएवढा ओरखडा. बाकी काही नाही.

चहावाले आजोबा म्हणाले, "मडकं घेताना बघता ना, तसं वाजवून बघा की."

गंमत अशी की, कारखान्याबाहेर तपासायची साधी रीत हीच आहे. मी रुपयाचे नाणे काढून नळी ठोकत गेलो. टण, टण, टण. आणि ओरखड्यापाशी जरा बद्द. आजोबांनी स्वतः नाणे घेऊन ऐकले. "आलाय चरा," ते म्हणाले. मला तो आवाज कधी बद्द वाटे, कधी वाटत नसे.

पायरीवर बसून पुष्कळ विचार केला. चढताना वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर. सांगाडा गेलाच तर पाय टेकता येतो. उतरताना तोच वेग पन्नासाच्या घरात, आणि बाजूला दरी. शेवटी ठरवले, चढायचे. उतरायचे ते दुसऱ्या कशानेही, पण सायकलने नाही.

पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. ते मागे पडले की घाट लागतो. अकरा-बारा किलोमीटरांत पाच-सहाशे मीटर उंची. चढ अंगावर येणारा नाही, पण सोडणाराही नाही. कार्बनची खरी मजा इथे कळते: पायाने दिलेला जोर वाटेत कुठे मुरत नाही. माझे कान मात्र सगळा वेळ नळीकडे होते. चेन किरकिरली तरी छातीत धस्स होई. माकडे कठड्यावर बसून पाहत होती. वळणावळणाला वाई लहान होत गेली.

सिडनी पॉइंटवर पोचून वडिलांना फोन लावला.

"काय दिसतं?"

"वाई दिसते, कृष्णा दिसते, धोम धरणाचं पाणी दिसतं."

"ते पाणी तेव्हा नव्हतं," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसताच श्वास ऐकू आला. "दम लागला का रे?"

"लागला."

"मला लागला नसता."

खाली आलो तो स्ट्रॉबेरीच्या टेम्पोतून, सायकल मांडीवर धरून. पुण्यात तपासणी झाली. आतले थर सुटले होते, थोडेच, पण सुटले होते. तो भाग घासून काढून वर नवे थर चढवले. रंग तंतोतंत जुळला नाही, तिथे एक काळसर पट्टा राहिला आहे. सौभाग्यवती दर रविवारी मी निघण्यापूर्वी स्वतः नाणे वाजवून पाहतात आणि मगच दार उघडतात.

येत्या जानेवारीत पुन्हा पाचगणीला जायचे आहे, या वेळी उतरायचेही सायकलवरूनच. वडील मोटारीने वाईपर्यंत येणार म्हणतात. गंगापुरीतले आत्याचे घर आता राहिले नाही. पण मी चहा घेईस्तोवर शेळ्या हाकायला कोणीतरी हवे, असे त्यांचे म्हणणे आहे.