आवाज कानाला, खरखर हाताला

मासे धरायच्या गळाचं नवं बेटकास्टिंग रीळ घेऊन माझ्याकडे येणाऱ्याची तक्रार बहुधा ठरलेली असते. परवा शेजारचा पोरगा आला तोही तेच म्हणाला, "काका, नवं कोरं हाय, अन् पह्यल्याच दिवशी घरघर करून राह्यलं. टोपी तं नाही घातली मले दुकानदारानं?" मी त्यालाच हँडल फिरवायला लावलं आणि विचारलं, "आवाज कधी येते? फेकतानी, का ओढतानी?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. या प्रश्नाला बरेच जण असेच अडखळतात. आवाजाचा त्रास प्रत्येकाला झालेला असतो, पण तो नीट ऐकलेला क्वचितच कुणी असतो.

मी अकोल्याच्या जिनिंगमध्ये फिटर. हंगामात शेडमध्ये जिनांची रांग धडधडत असते आणि त्या गदारोळात एखादं बेअरिंग वेगळं बोलायला लागतं. ते शोधायची रीत जुनी आहे. पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. बाकी शेड बाजूला पडते आणि तेवढं एक बेअरिंग कानात बोलू लागतं. कोरडं असेल तर किंचाळतं, छर्रा फुटला असेल तर ठराविक अंतरानं ठेचकाळतं. आमचे उस्ताद म्हणायचे, "आवाज बंद करू नको, आवाजाचा पत्ता काढ." ग्रीसचा गोळा कोंबून कुठलंही बेअरिंग घटकाभर गप्प करता येतं, पण फुटलेला छर्रा ग्रीसखाली आपलं काम करतच राहतो.

रिळाच्या बाबतीत हे आणखी खरं आहे, कारण हे यंत्रच मुळात घड्याळजींच्या हातचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या गावी, जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे व्हावेत म्हणून त्यानं घड्याळासारखी दातेरी चाकं रिळात बसवली. त्याच्यानंतर ज्यांची रिळं नावाजली ते मीक बंधूही घड्याळजीच. स्वीडनमधली आबू कंपनी १९२१ साली घड्याळांसाठी निघाली, मग टॅक्सीचे मीटर करू लागली आणि रिळांकडे त्यानंतर वळली. त्याच वर्षी जपानात शिमानो सुरू झाली, ती सायकलच्या फ्रीव्हीलपासून. स्पिनिंग रिळाचं घराणं मात्र आम्हा कापूसवाल्यांच्या जवळचं. त्याचं १९०५ सालचं पेटंट ब्रॅडफर्डच्या अल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीमालकाचं, आणि गिरणीतल्या बॉबिनवरून सुटणारं सूत पाहून त्याला ती कल्पना सुचली, असं सांगतात.

या दोन घराण्यांतल्या फरकातच आवाजाचं मूळ आहे. स्पिनिंग रिळात फेकताना स्पूल जागचं हलत नाही, दोरी त्याच्या कडेवरून सुटत जाते. बेटकास्टरमध्ये दोरीबरोबर स्पूलही फिरतं. हिशेब करून पाहा. आमिषाचा रबरी बेडूक रॉडवरून सेकंदाला २५ मीटर वेगानं सुटला आणि स्पूलचा परीघ १० सेंटिमीटर धरला, तर स्पूलला सेकंदाला २५० फेरे घ्यावे लागतात, म्हणजे मिनिटाला १५,०००. आमच्या डबल रोलर जिनचा रोलर मिनिटाला शंभराच्या आसपास फिरतो. तेव्हा बोटभर लांबीच्या दांडीवर या वेगानं फिरणारं स्पूल मुकं असावं, ही अपेक्षाच चुकीची. ते काय बोलतं, एवढंच पाहायचं.

फेकतानाचा आवाज आधी घ्यावा. दोरी पूर्ण काढून टाकायची, अंगठ्याखालची पट्टी दाबायची आणि रिकाम्या स्पूलला टिचकी मारायची. नुसती सळसळ आली, तर बेअरिंगं ठीक आहेत. बारीक चीं ऐकू आली, तर ती कोरडी आहेत. भर्र असा आवाज आला, तर बहुधा ते सेंट्रिफ्युगल ब्रेकचे छोटे ठोकळे कड्याला घासताहेत. ते त्यांचं कामच आहे. ब्रेक बंद करून पुन्हा टिचकी मारली की खात्री पटते. पोराच्या रिळाला टिचकी मारली तेव्हा नुसती सळसळ आली. फेकताना त्याला ऐकू येणारी शिट्टी होती विणलेल्या दोरीची. तिची खरबरीत वीण रॉडवरच्या गाइडच्या सिरॅमिक कड्यातून वेगानं गेली की वाजते. साधा नायलॉनचा तंगूस भरून एकदा फेकलं की हे कळतं. ती दोरी जुनी होऊन मऊ पडली की शिट्टीही उतरते.

स्पूल बाजूच्या बाजूला खटखटतं का, तेही पाहावं. हँडलच्या बाजूची गोल टोपी सैल असली की स्पूल दांडीवर डावी-उजवीकडे आपटतं. ती हातानंच आवळायची, स्पूलची हालचाल जेमतेम जाणवेल इतपतच. त्यापुढे आवळली तर फेक आखडते.

ओढतानाच्या आवाजाला मोजावं लागतं. रिकाम्या स्पूलच्या मधोमध मी एक टिकली चिकटवतो, घरात तिची पाकिटं पडलेलीच असतात. मग हँडल अगदी सावकाश फिरवायचं. खडखड हँडलच्या दर फेऱ्याला एकदा येत असेल, तर हँडलचा नट किंवा मोठा गिअर पाहायचा. टिकली वर आली की दर वेळी येत असेल, तर स्पूलची दांडी, तिचं बेअरिंग किंवा लहान गिअर. डब्यावर ६.३:१ असं छापलेलं असतं. म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात टिकली सहा वेळा वर येणार, त्यामुळे या दोन आवाजांत गल्लत होत नाही. आणि दोरी पसरवणारा गाइड टोकाला पोचल्यावरच टक होत असेल, तर तो वर्मचा, म्हणजे गाइड सरकवणाऱ्या दांडीचा, आवाज. वर्मवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन खाचा असतात. त्यांतून चालणारी छोटी खीळ टोकाला एका खाचेतून दुसरीत वळते, तेव्हा टक होतं.

पोराच्या रिळात खडखड ना हँडलच्या फेऱ्याशी जुळत होती, ना टिकलीशी. गाइड सरकत होता तोवर ती सलग येत होती. गाइडच्या मागं डोकावलं तर वर्म ठणठणीत कोरडा. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकले, गाइड दोन्ही टोकांपर्यंत फिरवला, वर आलेलं जादा तेल चिंधीनं टिपलं. खडखड बसली.

वंगणाचा नियम सोपा आहे. जिथं दाते दात्यांवर दाब देतात तिथं ग्रीस, तेही पातळ थरात. जिथं नुसतं भिरभिरायचं आहे तिथं तेलाचा थेंब. स्पूलच्या बेअरिंगला ग्रीस भरलं की आवाज मरतो आणि त्याच्याबरोबर फेकही मरते. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या रोलर बेअरिंगला ग्रीस लागलं, तर ते घसरू लागतं आणि मासा लागलेला असताना हँडल मागं जातं. खोबरेल तेल घालणारेही भेटतात. ते थंडीच्या पहाटे थिजतं आणि पुढे चिकट होऊन आपल्या काळ्या मातीची धूळ धरून ठेवतं. उन्हाळ्याचं दुखणं निराळं. पारा पंचेचाळिशीपुढं गेल्यावर बंद गाडीत ठेवलेल्या रिळातलं ग्रीस पातळ होऊन नको तिथं उतरतं. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, वंगण बदललेलं बरं. नव्या रिळाचे स्क्रू मात्र काढू नयेत. बाजूची झाकणी आणि टोपी हातानं उघडतात, तेवढी आपल्यासाठी. त्याहून आत आवाज असेल तर वॉरंटीचा कागद घ्यावा आणि दुकान गाठावं.

आवाजानं मासा पळतो, ही भीती मात्र काढून टाकावी. हवेतला आवाज पाण्यात शिरत नाही म्हटलं तरी चालेल. पृष्ठभागावरून तो जवळजवळ सगळा परत फिरतो, त्याच्या ऊर्जेचा हजारातला एखादा भाग खाली उतरतो. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला, ऊर्ध्व वर्धा धरणाच्या काठावर, मच्छीमार संस्थेच्या लोकांना विचारून गळ टाकायला बसलं की हे पाहायला मिळतं. मरळ काठाजवळच्या शेवाळात असते. शिट्टी वाजवत गेलेल्या बेडकावर ती झडप घालते, पण काठावर कुणी पाय आपटला की सरकते, कारण तो धक्का जमिनीतून थेट पाण्यात जातो. काटेपूर्णा आणि मेळघाटातही पाणी आहे, पण ते अभयारण्याचं. तिथं गळ काढायचाच नाही.

मग रिळाच्या आवाजाची एवढी उस्तवार कशासाठी? हातासाठी. मरळ झडप घालते ती दिसते तरी, पण तळाशी एखादा मासा आमिष चाखत असतो तेव्हा दोरीतून येणारी थरथर फार बारीक असते. गिअर खरखरत असतील तर ती त्यातच हरवते, आणि जाड ग्रीसनं गप्प केलेल्या रिळातही हरवते. म्हणून माझी शेवटची परीक्षा हाताची. पोराच्या रिळात दोरी परत भरली, तिचं टोक त्याच्या हाती दिलं आणि त्याला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. दोरी ताणून धरायला सांगितली आणि मी पाठ फिरवून हँडल सावकाश फिरवू लागलो. मधूनच त्यानं बोटानं दोरीला टिचकी मारायची आणि मी हात वर करायचा. एकही टिचकी सुटली नाही. रीळ पास झालं.

पण पोरगा समाधानी नव्हता. "काका, तो टोकावरचा टक तं तसाच हाय ना!" नवी वस्तू निमूट असावी असं त्याला वाटत होतं, आणि वाटणारच, पैसे त्याचे गेले होते. मी म्हटलं, "तो राहू दे. तो जोवर दोन्हीकडं सारखा येते तोवर वर्म अन् खीळ दोन्ही ठीक हायेत असं समज. एका बाजूनं बदलला, का बंद झाला, तं मंग पानी सोडून आधी मायाकडं ये."