अंगणांत उतरलेला तेजोमेघ

पेण येथें आमचें एकत्र कुटुंब नांदतें. साठ वर्षांपूर्वीं आमच्या वडील बंधूंनीं, ज्यांस घरांत सर्व जण दादा म्हणतात, आम्हांस अंगणांत घोंगडीवर बसवून मृग, व्याध आणि कृत्तिका ओळखावयास शिकविलें. पुढें शाळेंत आम्हीं मुलांस जें आकाश दाखविलें, त्याचें मूळ त्या घोंगडीवर आहे. आज दादांनीं पंच्याहत्तरी ओलांडली आहे. काचबिंदूनें दृष्टि मंदावली, गुडघे धरले. वाकून दुर्बिणीच्या नेत्रभिंगास डोळा लावणें त्यांजकडून होत नाहीं. 'आमचें आकाश संपलें,' असें म्हणून ते दिवेलागणीसच आंत जातात.

गेल्या पौषांत आमच्या नातवानें पुण्याहून एक लहानसा कॅमेरा आणला. तो नेत्रभिंगाच्या जागीं बसविला म्हणजे दुर्बिणींतील आकाश लॅपटॉपच्या पडद्यावर दिसतें, असें त्यानें सांगितलें. गच्चीवरून चंद्र पाहून त्यानें हात बसवूनहि घेतला. आम्ही म्हणालों कीं, पडद्यावर पाहणें हें पाहणेंच नव्हे; तें चित्र झालें. नातू म्हणाला, 'पण आजोबा, मोठ्या आजोबांना वाकावें लागणार नाहीं.' यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

पेणमध्यें आतां रात्रीं दिव्यांचा उजेड फार. म्हणून अमावास्येच्या सुमारास आम्ही तिघे आगगाडीनें कासू, नागोठणें करीत रोह्यास गेलों. तेथेंहि धाटावच्या कारखान्यांचा उजेड आहेच. परंतु आमच्या धाकट्या बहिणीची वाडी गांवाबाहेर, टेकडीच्या आड आहे. रोह्याच्या पश्चिमेस समुद्रकांठीं नांदगांव आहे. तेथील केशव दैवज्ञांनीं स्वतः ग्रहांचे वेध घेतले, आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ च्या, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचिलें. ज्या ग्रंथावरून पिढ्यान्‌पिढ्या पंचांगें झालीं, त्याच्या मुळाशीं डोळ्यांनीं पाहणें होतें, हें दादांनीं नातवास गाडींतच सांगितलें.

नवशिक्या वाचकांच्या उपयोगासाठीं आमची फजिती सांगतों. प्रथम ताऱ्यांऐवजीं पडद्यावर नुसत्या फिकट चकत्या दिसल्या. मग व्याधाचा तेजस्वी तारा मध्यें घेतला, आणि तो टांचणीच्या टोंकाएवढा होईपर्यंत फोकसचें चाक हळूहळू फिरविलें. पृथ्वी फिरत असल्यामुळें तारा पडद्यावरून सरकतो. यासाठीं त्याच्या मागोमाग फिरणारी यांत्रिक बैठक लागते. एकच लांबलचक चित्र घेण्यापेक्षां ८-८ सेकंदांचीं अनेक चित्रें घ्यावींत. शार्पकॅपसारखी संगणक-प्रणाली तारे जुळवून तीं एकावर एक रचते. खरा प्रकाश प्रत्येक चित्रांत त्याच जागीं असतो, कॅमेऱ्याची खरखर मात्र जागा बदलते; म्हणून रचतां रचतां खरखर मावळते आणि वस्तु उजळते. तासाभरानें सारें धूसर झालें, तें कोंकणच्या दंवामुळें. अशा वेळीं भिंग पुसूं नये. नळीच्या तोंडाशीं पुठ्ठ्याची लांब नळी आधींच बसवावी.

नंतर नातवानें तें चित्र ओसरीवरील मोठ्या टीव्हीवर लावलें. दादा खुर्ची ओढून अगदीं जवळ बसले. मृगाच्या बाणाखालील जो तेजोमेघ नुसत्या डोळ्यांस धुरकट ठिपक्यासारखा भासतो, तो चित्रामागून चित्र पडतांच पंख पसरल्यासारखा उमटला, आणि त्यांत गुलाबी रंग भरला. तो रंग हायड्रोजन वायूचा. अंधुक प्रकाशांत आपल्या डोळ्यांस रंग कळत नाहींत, कॅमेऱ्यास कळतात. हा प्रकाश तेथून निघाला तो सुमारें १३०० वर्षांपूर्वीं, दक्षिणेंत बदामीच्या चालुक्यांचा अंमल असतां.

दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, 'अरे, मीं तुला घोंगडीवरून दाखविला, तो हाच ना?' आम्हीं होय म्हटलें. ते काठी टेकीत अंगणांत आले, दक्षिणेकडे तोंड करून त्यांनीं काठी उंच उचलली आणि म्हणाले, 'तर मग तो येथें असेल.' वर त्यांस कांहींच दिसत नव्हतें. काठी मात्र बरोबर मृगावर होती.

पडद्यावर पाहणें हें पाहणें नव्हे, हें आमचें म्हणणें आम्हीं त्या रात्रींच परत घेतलें. परततांना दादांनीं नातवास एकच प्रश्न विचारला: पुढची अमावास्या कोणत्या वारीं येते?