भैरवगढला सायकलवरून

आमच्या बेळगाव भागात सायकल म्हटली की चढ आलाच. चोर्ला घाटात भल्याभल्यांचा दम निघतो. उज्जैनला धाकट्या बहिणीकडे गेलो, तेव्हा भाच्याने गिअरच्या सायकली पुढे केल्या. माळव्याची काळी जमीन बहुतेक सपाट, गिअर नावालाच!

भैरवगढ ही छापाची वस्ती. मेणाने नक्षी झाकून कापड रंगवतात आणि मेण तडकते तिथे रंगाच्या बारीक रेघा उतरतात. पुढे काळभैरवाला मद्याचा नैवेद्य. महादजी शिंद्यांनी इथे पगडी वाहिली, असे सांगतात. महाकाळाचे देऊळही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनीच पुन्हा उभारलेले. म्हणजे इथली मराठी माणसे नुसती लढायला आली नव्हती!

तिथून कालियादेह महालाकडे वळलो. मूळ बांधकाम माळव्याच्या सुलतानांचे, 1920 साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त केलेले. आता पुन्हा पडझड. क्षिप्रेचे पाणी कुंडांतून खेळवलेले. पायऱ्यांवर बसून मी भाच्याला मराठीत एकेक विचारत होतो, तो हिंदीत उत्तरे देत होता. समजते सगळे, बोलत मात्र नाही.

माझी लेक हसली. "अप्पा, हा माझ्यासारखाच की!"

खरेच. तिची आई धारवाडची. मी घरी मराठीत विचारतो, लेक कन्नडमध्ये सांगते. सुखटणकरांचे देऊळ उभे आहे, पण बहिणीच्या घरातली मराठी एका पिढीत पातळ झाली. माझ्या घरी काय होईल, हा प्रश्न मला तिथे टोचला.

परतताना दोघे पुढे निघाले. ती त्याला ओंदु, एरडु, मूरु शिकवत होती, तो तिला माळवी शिव्या.