ठिबकणारा नळ

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला घरी गेलो, तेव्हा स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. आईने खाली पातेलं ठेवलं होतं. "बाबा सुट्टीवर आले की करतील," ती म्हणाली. बाबांची सुट्टी मार्चमध्ये होती.

मी बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून पाना काढला आणि थेट नळाला लावला. वरचा भाग सुटताच पाण्याचा फवारा तोंडावर! आई धावत गच्चीवर गेली आणि तिने टाकीचा कॉक बंद केला.

मग नीट पाहिलं. स्पिंडलच्या टोकाचा रबरी वायसर झिजून त्याला खाच पडली होती. दुकानात तो दाखवून त्याच मापाचा नवा आणला, बसवला, नळ आवळला आणि कॉक उघडला. ठिबक थांबली होती.

रात्री बाबांचा फोन आला. मी ऐटीत सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "आधी कॉक बंद केला होतास ना?"

मी गप्प. आईला हसू आवरेना.

"बरं," बाबा म्हणाले, "आता न्हाणीघरातलाही बघ. पण आधी कॉक."

आजवर त्या पेटीला ते कुणाला हात लावू देत नसत.