मागाहून आलेला मुलगा

संकेश्वरास राहून मराठी बोलपटांचा शौक बाळगावयाचा म्हणजे थोडा प्रवास पदरी आलाच. आम्ही सीमेवरची माणसे. कोर्टात कन्नड, बाजारात मराठी, घरात कोकणी अशी आमच्या जिभेची वाटणी झालेली. आणि नवा मराठी चित्रपट पाहावयाचा तर निपाणी किंवा कोल्हापूर गाठावे लागते. पक्षकारांना दुसऱ्या दिवशीची वेळ देऊन, भाचरांना गाडीत कोंबून माणूस इतक्या दूर जातो, तेव्हा त्याची अपेक्षाही त्या मानाने वाढलेली असते. २०१५ च्या मे महिन्यात ‘टाइमपास’चा दुसरा भाग पाहून मी असाच परतलो, आणि संकेश्वर येईपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

पहिला ‘टाइमपास’ जानेवारी २०१४ चा. रवी जाधवांच्या त्या चित्रपटातील दगडू आणि प्राजक्ता, म्हणजे प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर, ही अगदी कोवळी पोरे. त्यांचे प्रेम अपुरे राहते, यातच त्याची गोडी होती. असे एखादे अपुरे प्रकरण प्रत्येकाच्या आयुष्यात कोठेतरी दडलेले असते. वकिलांच्याही असते, फक्त ते दप्तरी दाखल नसते. पुढे सोळाच महिन्यांत दुसरा भाग आला. कथानकात मध्ये पुष्कळ वर्षे लोटली होती, म्हणून प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट ही मोठी झालेली जोडी पडद्यावर आली. दोघेही गुणी कलावंत. त्यांच्याकडे बोट दाखविणे अन्यायाचे होईल. पण वर्षे लोटली होती ती पडद्यावर. आमची तर सोळा महिनेच लोटली होती, आणि आमच्या मनातील ती दोघे अजून तितकीच लहान होती. विरह अंगी मुरण्यापूर्वीच पुनर्भेटीची पत्रिका हाती पडावी, तसे झाले.

‘मुंबई-पुणे-मुंबई’ने तर पाच वर्षे धीर धरला. २०१० च्या पहिल्या भागात त्या दोघांना नावेही नव्हती. एक दिवस, एक शहर आणि दोन भांडखोर जीव, एवढ्यावर सतीश राजवाडे यांनी सारा डाव मांडला होता. २०१५ च्या दुसऱ्या भागात त्यांना नावे मिळाली, आडनावे मिळाली, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी आली. सारे कसे रीतसर झाले. वाद-पत्रात पक्षकारांची नावे लागतात हे मला मान्य आहे. पण हे वाद-पत्र नव्हते.

घाईचा खरा मासला मात्र अमेरिकेत सापडतो. ‘किंग काँग’ न्यूयॉर्कला मार्च १९३३ मध्ये झळकला. विलिस ओब्रायन यांनी लहानशा बाहुल्यांना एकेका चित्रचौकटीगणिक केसभर हलवून तो अजस्र वानर जिवंत केला होता. पडद्यावरच्या एका सेकंदास चोवीस चौकटी. यावरून त्या श्रमांचा हिशेब वाचकांनीच करावा. एवढी तपश्चर्या फळास आली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘सन ऑफ काँग’ हा त्याचा पुढचा भाग तयार! खर्च निम्म्याहून कमी, लांबी सुमारे सत्तर मिनिटे. ज्याच्या मृत्यूने लोक हळहळले होते, त्याचा एक पांढुरका, गोजिरवाणा, हास्यास्पद मुलगा पुढे करण्यात आला. एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. काँगला शहरात आणणारा डेनहॅम या दुसऱ्या भागाच्या आरंभी दाव्यांनी बेजार झालेला आहे. नुकसानभरपाई मागणारे त्याच्या दारात उभे आहेत. एवढा भाग कोणा जाणत्याने लिहिला असावा.

तथापि पुढचा भाग काढूच नये, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारास भवभूती आडवा येतो. ‘महावीरचरिता’नंतर त्याने ‘उत्तररामचरित’ लिहिले, आणि पुढच्याने मागच्यास झाकून टाकले. त्याचा पहिला अंक आठवा: राम आणि सीता आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहत आहेत. झालेल्या गोष्टीकडे नव्याने पाहण्यासाठी तो कवी मागे वळतो, आणि त्या चित्रांतून सीतेला पुन्हा वनात जाण्याचा डोहाळा होतो. पुढचे सारे दुःख तेथेच अंकुरते. आपल्या काळातले उदाहरण हवे तर ‘दृश्यम’चे घ्यावे. जीतू जोसेफ यांचा मल्याळम ‘दृश्यम’ २०१३ चा, त्याचा पुढचा भाग २०२१ चा. निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये तीच कथा हिंदीत आणताना नायकाला गोव्याचा साळगावकर केले, तेव्हापासून आमच्या घरात तो जवळजवळ नातलगच झाला. पहिल्या भागात जे जमिनीखाली पुरले, त्याचाच वास दुसऱ्या भागात वर आला. ती कथा बाहेरून कोणी मागवून आणलेली नव्हती.

हे सारे मी अधिकाराने बोलतो आहे असे कोणी समजू नये. अपराधी म्हणून बोलतो आहे.

आमच्या देवळाच्या उत्सवात रात्री नाटक करण्याची चाल आहे. २०१६ साली मी एक एकांकिका लिहून दिली. परागंदा झालेल्या मुलाची वाट पाहणारा म्हातारा रोज रात्री दाराची कडी न लावता निजतो, एवढीच कथा. मुलगा का गेला, येणार की नाही, हे मी सांगितले नव्हते; खरे तर मलाच ठाऊक नव्हते. काम केले आमच्या मास्तरांनी. ते मूळचे गोव्याकडचे, सारी हयात आमच्या भागात शिकविण्यात गेलेली. शेवटी कंदील बारीक करून ते कडीकडे हात नेत आणि तसाच मागे घेत. मंडपात पोरेसोरेसुद्धा हलली नाहीत. दुसऱ्या दिवशी पंगतीत बायका मला विचारीत होत्या, “भावजी, तो येतो का हो शेवटी?” हा प्रश्न हीच माझी मिळकत होती. मला ती ओळखता आली नाही.

पुढच्या वर्षी मंडळींनी आग्रह धरला आणि मी, कोर्टाची कामे आटोपून, बारा रात्रींत ‘भाग दुसरा’ खरडला. मुलगा आला. रडला, पाया पडला, गहाण पडलेले शेत सोडवून दिले. टाळ्या पडल्या, पण त्या लग्नात अक्षतांनंतर पडतात तशा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ प्रमाणे एकदा निकालात निघालेला वाद त्याच पक्षकारांना पुन्हा उभा करता येत नाही. नाटक लिहिणारांना ते कलम लागू नाही, याचे त्या रात्री मला वाईट वाटले. रंग पुसता पुसता मास्तर हळूच म्हणाले, “वकीलबाब, ताका हाडपाक जाय नाशिल्लो. आतां हांवें कोणाची वाट पळोवची?”

२०१९ साली आम्ही पहिलेच नाटक पुन्हा लावले. मास्तर थकले होते, पण आवाज तोच. कंदील बारीक झाला. त्यांचा हात कडीकडे गेला, थबकला, आणि पुढच्या रांगेतून एक पोर उत्साहाने ओरडले, “आजोबा, तो येतो! पुढच्या भागात येतो!” सारा मंडप हसला. पडद्याच्या दोरीजवळ उभा असलेला मी मात्र जागच्या जागी खिळलो. मास्तर क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी कडी लावली आणि जाऊन निजले.