लिंबाच्या बागेतून न्यूयॉर्कला

चि. ओंकार,

‘गॉडफादर’ पाहून तू विचारलंस, हे माफियाचं सगळं इटलीतून जहाजात बसून जसंच्या तसं आलं का? थोडं आलं, बरंचसं तिकडेच घडलं.

मूळ सिसिलीचं, आणि तेही लिंबाच्या बागांतलं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या पालेर्मो शहराभोवतीची लिंबं परदेशी जात, बागायतदार गब्बर होत. पण रातोरात कुणी फळं तोडली किंवा पाटाचं पाणी अडवलं, की वर्षाची कमाई गेली. १८६१ साली इटली एक झाली खरी, पण नवं सरकार लोकांना परकंच. पोलिसांत जाणार कोण? मग ज्याच्यापासून धोका, त्यालाच राखणदार नेमायचं! पोलिसांपुढे तोंड न उघडणं ही म्हणे इभ्रत. मला तरी त्यात इभ्रतीपेक्षा भीतीच जास्त दिसते.

पुढे दक्षिण इटलीतले लाखो कष्टकरी अमेरिकेत उतरले. त्यांच्यातल्याच काहींनी आपल्याच वस्तीतल्या दुकानदारांना काळ्या पंजाचं चित्र काढलेली खंडणीची पत्रं धाडायला सुरुवात केली. पहिले बळी इटालियनच, हे सिनेमात फारसं कळत नाही. टोळ्यांकडे खरा पैसा आला तो १९२० च्या दारूबंदीने, चोरट्या दारूतून. १९३१ मध्ये लकी लुचियानो या गुंडाने म्होरक्यांचं ‘कमिशन’ बसवलं, टोळ्यांची पंचायतच म्हण ना. न्यूयॉर्कच्या पाच टोळ्यांना ‘फॅमिली’ म्हणतात, पण रक्ताचं नातं असायलाच हवं असं नाही.

रक्त लागतं ते दीक्षेला. नव्या माणसाच्या बोटाला टोचून रक्त काढायचं, संताचं चित्र त्याच्या हातावर पेटवायचं, आणि त्याने शपथ घ्यायची, की दगा दिला तर असाच जळेन. चित्र देवघरातलं, शपथ खुन्यांची! १९८९ मध्ये बोस्टनजवळ मेडफर्डला एफबीआयने असा एक विधी चोरून टेप केला, म्हणून ही ऐकीव दंतकथा नाही.

तेव्हा शेजारच्या इटालियन आजोबांना माफियावरून चिडवू नकोस. काळ्या पंजाची पत्रं धाडणाऱ्यांच्या मागे लागलेला न्यूयॉर्कचा पोलीस अधिकारी जो पेट्रोसिनोही इटलीतच जन्मलेला. तपासासाठी पालेर्मोला गेला आणि १२ मार्च १९०९ ला तिथेच गोळ्या घालून मारला गेला. मॅनहॅटनमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे. लिटल इटलीत जेवायला जाशील तेव्हा तोही बघून ये.

तुझा,
मामा