मासा सोडा, समुद्र बघा!

कोळ्याची आणि त्याच्या हावरट बायकोची गोष्ट मला पाठ होती. तुम्हालाही असेल. बोलणारा मासा, मागेल ते मिळणं, बायकोची हाव आणि शेवटी सगळं मुसळ केरात! त्यामुळे ग्रिम बंधूंच्या संग्रहातली मूळ गोष्ट नीट वाचावी असं कधी वाटलंच नाही. परवा तिची एक सचित्र आवृत्ती हाती लागली, सहज चाळायला घेतली आणि उडालेच! या गोष्टीत चौथंही एक पात्र आहे, आणि त्याच्याबद्दल मला आजवर कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. समुद्र!

अहो, बघा तरी. नवराबायको राहतात चक्क एका मुतायच्या भांड्यात. (मूळ गोष्टीत खरंच असं आहे!) नवरा गळ टाकून बसतो तेव्हा पाणी अगदी नितळ. गळाला लागतो एक चपटा मासा, आपल्याकडच्या लेपीच्या जातकुळीतला. ‘मी शापित राजपुत्र आहे, सोड मला,’ म्हणतो. कोळी म्हणतो, बोलणाऱ्या माशाला मी असाही सोडलाच असता! आणि काहीही न मागता घरी येतो.

बायको, इल्झेबिल तिचं नाव, त्याला परत पाठवते : निदान एक छोटं घर तरी माग! तो किनाऱ्यावर जातो, तर पाणी हिरवंपिवळं झालेलं. तळ दिसेनासा. मग तिला राजवाडा हवा होतो : समुद्र जांभळा, गडद निळा, करडा, दाट, पण अजून शांत. मग राजा व्हायचंय : काळाकरडा, खालून घुसळणारा आणि चक्क कुजका वास मारणारा! मग सम्राट : काळं पाणी, वर बुडबुडे. मग पोप : वादळ, दूरवर संकटात सापडलेली जहाजं, आकाशाच्या मध्यावर निळा तुकडा आणि कडांना लाली. शेवटी तिला देवासारखं व्हायचंय, सूर्यचंद्र आपल्या हुकमाने उगवायला हवेत! तेव्हा डोंगर थरथरतात, आकाश डांबरासारखं काळं होतं आणि चर्चच्या मनोऱ्याएवढ्या काळ्या लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस चढतो. मासा म्हणतो, घरी जा, ती पुन्हा त्या भांड्यात बसलीय. संपलं! तात्पर्य नाही, उपदेश नाही. हावेबद्दल जे सांगायचं ते पाण्याने सांगितलंय.

एवढा रंगाचा डोळा लोककथेला आला कुठून? शोधलं, आणि दुसऱ्यांदा उडाले! ही गोष्ट लिहून काढणारा माणूस चित्रकार होता. फिलिप ओटो रुंगे, जन्म १७७७, बाल्टिक किनाऱ्यावरच्या वोल्गास्टचा. त्याने ती १८०६ च्या सुरुवातीला आपल्या भागातल्या बोलीत लिहून हायडेलबर्गच्या एका प्रकाशकाला पाठवली. त्याच वर्षी जुलैत त्याने कवी गटेला एक लांबलचक पत्र लिहिलं. विषय काय असेल? रंग! पारदर्शक रंग आणि अपारदर्शक रंग यांतला फरक! एकाच वर्षात एकाच हातून ते पत्र आणि हा नितळाचा दाट होत जाणारा समुद्र? मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही. १८१० मध्ये त्याने ‘रंगगोल’ मांडला : विषुववृत्तावर शुद्ध रंग, एका ध्रुवावर पांढरा, दुसऱ्यावर काळा. त्याच वर्षी तो गेला, वय अवघं तेहतीस. ही गोष्ट असलेला ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड आला १८१२ मध्ये, तो त्याने पाहिलाच नाही.

रशियन कवी पुश्किनने १८३३ मध्ये हीच गोष्ट सोनेरी मासा घेऊन पद्यात सांगितली. त्याचाही समुद्र दर मागणीला अधिकाधिक खवळतो. मार्गो झेमाकपासून जॉन हाउपर्यंत कितीतरी चित्रकारांनी ही गोष्ट रंगवली. त्यांचा हेवाच वाटतो, कारण पानापानाला कोणता रंग लावायचा ते रुंगेने आधीच सांगून ठेवलंय!

पण मला सगळ्यात छळतोय तो हिरवापिवळा. मुतायच्या भांड्यात राहणाऱ्या बाईने घर मागितलं, यात काय हाव? तरी पाणी नितळ राहिलं नाहीच! घराचं समाधान टिकतं जेमतेम पंधरवडाभर, राजवाड्याचं एक रात्र, राजेपदाचं तर क्षणभरही नाही. आणि नवरा? ‘हे बरं नाही’ असं मनाशी म्हणतो आणि दरवेळी जातोच. काहीतरी मागणं सोपं. कितव्या मागणीला थांबायचं हे अवघड, आणि ते दोघांनाही जमत नाही.

घरात मुलं असतील तर ही गोष्ट वाचून दाखवा, मग सात कागद आणि रंगपेटी त्यांच्यापुढे ठेवा. सातही समुद्र रंगवून झाले की विचारा : कोणत्या कागदापाशी थांबायचं? भांडणं होतील, होऊ द्या. मी हिरव्यापिवळ्यापाशी थांबले असते. म्हणजे, आज तरी असं म्हणतेय!